पायाकडून पाहिलेले सर

टेपबाईंना सूड घ्यायला पावणेतीन वर्षं लागली. त्यातली दोन वर्षं हातपाय काढायला शिकण्यात गेली, सहा महिने योग्य माणूस आडवा होण्याची वाट बघण्यात, आणि उरलेले तीन त्याला रंगवण्यात.

टेपबाई म्हणजे गल्लीच्या तोंडाशी बसणारी शिंपीण. खरं नाव घरच्यांनाही फॉर्म भरतानाच आठवायचं. गळ्यात सदा पिवळी टेप. दोन पायऱ्या उतरून खाली गेलं की त्यांची खोली: खिडकीशी मशीन, मधोमध कापायचं टेबल, कोपऱ्यात इस्त्रीची फळी आणि खिळ्याला तपकिरी कागदाची भेंडोळी. तीस वर्षं त्यांनी माणसं मापली होती. गिऱ्हाईक पायरी उतरत असतानाच त्या सांगायच्या, "उजवा खांदा अर्धा इंच उतरलाय तुमचा. पिशवी त्याच हातात धरता ना?" कुणाचं पोट सुटलं, कोण आतून खंगत चाललंय, हे डॉक्टरच्या आधी त्यांच्या टेपला कळायचं.

लेकीचं लग्न झालं आणि घर एकदम मोठं वाटायला लागलं, तेव्हा लेकच म्हणाली, "आई, आता तरी स्वतःसाठी काही कर. कागदांच्या कडेला फुलं काढत असतेस ना, नीट शिक की." तिनेच तैलचित्रांच्या वर्गात नाव घातलं. वर्ग छापखान्याच्या वरच्या मजल्यावर. खाली यंत्र सुरू झालं की वरची लाकडी जमीन थरथरायची आणि बाटलीतल्या टर्पेंटाइनवर बारीक लाटा उठायच्या. शिकणारे बाराजण, बहुतेक नोकरीतून मोकळे झालेले. शिकवणारे सर उंच, केस मागे वळवलेले, हातात कायम एक लांब ब्रश. त्या ब्रशने ते रंगवत कमी आणि दाखवत जास्त. पण माणसाचा हात उत्तम होता. ते टेपबाईंनी कधी नाकारलं नाही, पुढे जे झालं त्यानंतरही नाही.

तिसऱ्या महिन्यात सरांनी छापखान्याच्या वॉचमनला मॉडेल म्हणून चौथऱ्यावर बसवलं. त्याने एक हात सरळ पुढे धरायचा, गाडी थांबवल्यासारखा. लवकर आलेल्यांनी बाजूच्या सोयीच्या जागा पटकावल्या. टेपबाईंच्या वाट्याला अगदी समोरचं स्टूल आलं. तो पुढे आलेला हात थेट त्यांच्या नाकावर रोखलेला.

"मोजा," सर म्हणाले. "मनाने काढू नका. मोजा." आणि ते फोन घ्यायला बाहेर गेले.

मोजायचं म्हणजे ब्रश हातभर पुढे धरून, एक डोळा मिटून, ब्रशच्या दांड्यावर अंगठ्याने अंतर पकडायचं. तो धडा आदल्या आठवड्यात झाला होता आणि त्या आठवड्यात टेपबाई शाळेचे गणवेश शिवत होत्या. त्यांना मोजणं एकच माहीत. त्या उठल्या, चौथऱ्यावर चढल्या आणि गळ्यातली टेप काढून त्यांनी वॉचमनच्या हाताचं खांद्यापासून मनगटापर्यंत माप घेतलं. साडेतेवीस इंच. मागे खुसखुस झाली. त्यांना वाटलं, वॉचमनला गुदगुल्या झाल्या म्हणून लोक हसतायत.

मग साडेतेवीसचा चौथा हिस्सा काढून त्यांनी तेवढा हात कॅनव्हासवर उतरवला. खांदा जागेवर, पंजा जागेवर. पण मधली लांबी कुठे जिरवायची? समोर यायला तिला वाटच नव्हती. म्हणून त्यांनी ती खाली वळवली. हात गुडघ्यावरून उतरून पाण्याच्या नळीसारखा वळसा घेऊन परत वर आला. माप मात्र सुतभरही चुकलं नव्हतं.

सर परत आले, मागे उभे राहिले. "बाई, हे काय?"

"हात."

"कुणाचा?"

"वॉचमनचा."

"वॉचमनला सांगितलंय का?"

वर्गात हशा फुटला. सर म्हणाले, "हा हात नाही हो, ही बाही आहे. दोरीवर वाळत घातलेली."

इतक्यावर थांबलं असतं तर टेपबाईही हसल्या असत्या. गिऱ्हाइकांचे टोमणे ऐकून तीस वर्षं काढलेली बाई. एका बाहीने काय होतंय? पण महिन्याभराने वर्गाचं वार्षिक प्रदर्शन होतं. वॉचमन निरोप घेऊन आला, "तुमचं चित्र लावलंय, बाई. दारातच." टेपबाई हरखल्या. नवऱ्याला कोट घालायला लावला. लेक आली, सोबत तिच्या सासूबाई, म्हणजे टेपबाईंच्या विहीणबाईही आल्या.

चित्र दारातच होतं. खाली पुठ्ठ्याची पाटी होती: "चूक क्रमांक एक. डोळे मिटून काढलेले चित्र." त्याखाली टेपबाईंचं नाव, आडनावासकट.

विहीणबाई वाकून, चष्मा सावरून बघत राहिल्या. मग गोड आवाजात म्हणाल्या, "लांब हात असलेला बरा बाई. कपाटावरचं काढायला स्टूल नको."

तेवढ्यात सर पाहुण्यांना घेऊन आले. "ह्या आमच्या शिंपीणबाई. मॉडेलची मापं घेतात. पुढच्या खेपेला शर्टही शिवून देतील." पाहुणे हसले. वर्गातले अकराजण हसले. लेक हसली नाही. तिने पाटी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचली आणि खाली बघत म्हणाली, "आई, चल. गर्दी होईल."

खोलीत पंचवीस माणसंसुद्धा नव्हती.

सरांचं बोलणं टेपबाई एखाद्या वेळी विसरल्याही असत्या. लेकीचं ते "गर्दी होईल" मात्र काट्यासारखं रुतून बसलं. त्यांनी वर्ग सोडला. वॉचमनने परत आणून दिलेलं ते चित्र त्यांनी मशीनच्या समोर, मान वर केली की दिसेल असं टांगलं.

"लोक भिंतीवर लग्नाचा फोटो लावतात," नवरा म्हणाला. तो बसवर कंडक्टर होता, नुकताच निवृत्त झालेला, आणि घरात बसून त्याला बोलायला माणूस हवं असायचं. "तू अपमान टांगलास?"

"राग थंड होऊ नये म्हणून."

"मग करणार काय आहेस? त्यांच्या पँटी उसवणार?"

टेपबाईंनी दोरा दाताने तोडला. काय करायचं ते त्यांचं ठरलं होतं. शिवीगाळ नाही, तक्रार नाही. त्याच खोलीत, त्याच लोकांसमोर, लेकीच्या देखत, सरांच्याच तोंडून "बरोबर आहे" हे दोन शब्द काढून घ्यायचे. आणि ते काढताना सरांची थोडी शोभा झाली, तर त्याला त्यांचा नाइलाज होता.

पण सूड घ्यायचा तर आधी हात काढता यायला हवा. टेपबाईंनी खोलीच्या दाराच्या काचेमागे नवऱ्याला बसवलं आणि हात पुढे धरायला सांगितला. स्वतः अलीकडे बसल्या, एक डोळा मिटला आणि साबणाच्या चिपेने काचेवर जसं दिसेल तसं गिरवलं. गिरवून झालं आणि त्या चक्रावल्या. काचेवर हात नव्हताच. मोठा पंजा होता, त्यामागे बाहीची एक चकती, आणि तिला चिकटून खांदा. कोपर कुठे गेलं कळेना.

"हलला असाल तुम्ही."

"अगं, बसमध्ये एवढा स्थिर उभा राहिलो असतो तर बढती मिळाली असती."

त्यांनी काच पुसली, पुन्हा गिरवलं. पुन्हा तेच. मग गळ्यातली टेप काढून त्यांनी ती नवऱ्याच्या हाताला लावण्याऐवजी काचेला लावली. पंजा पावणेचार इंच. उरलेला अख्खा हात, खांद्यापर्यंत, दीड इंच. टेपबाई कितीतरी वेळ त्या दीड इंचाकडे बघत बसल्या. तीस वर्षं ज्याच्या त्याच्या अंगाला टेप लावली. मधल्या काचेला लावायची हे कुणी सांगितलंच नव्हतं. सरांनी सांगितलं असेल, पण गणवेशाच्या आठवड्यात.

मग नवऱ्याचे हाल सुरू झाले. त्याचा हात समोरून, पाय समोरून, वाकलेला, पालथा, खुर्चीवर, जमिनीवर. "आयुष्यभर हिच्या शब्दाबाहेर गेलो नाही," तो शेजाऱ्यांना सांगायचा, "आता हिच्या काचेबाहेरही जायची सोय नाही." काचेवरून टेपबाई तपकिरी कागदावर आल्या. कागदावर पँटचा पाय शिलाईसकट काढायला त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. पोटरीभोवती कापड कसं वळतं हे बोटांना ठाऊक होतं. ओळीने येणाऱ्या चुण्या जवळ रुंद आणि लांब गेल्या की दाट, हे कळलं आणि मांडी आपोआप मागे जायला लागली.

कागदावरून तेलरंगावर आल्यावर पुन्हा आपटल्या. रेघ बरोबर, तरी पाय चपटा, भिंतीवर चिकटवल्यासारखा. रोज सकाळी सुरीने कालचं ओलं काम खरवडून काढायचं, चिंधीने पुसायचं, पुन्हा मांडायचं. एक कॅनव्हास तर इतक्यांदा खरवडला की त्याला पाय या प्राण्याचाच तिटकारा आला असावा. पाचव्या महिन्यात त्यांच्या लक्षात आलं की आपण सगळ्या कडा सारख्याच धारदार ठेवतोय, कात्रीने कापल्यासारख्या. मग त्यांनी तळवा जाड रंगात, करकरीत कडेने काढला, आणि मागे जाता जाता रंग पातळ केला, कडा कोरड्या ब्रशने पुसट केल्या. गुडघा सरकून मागे गेला. टेपबाई उठून उभ्या राहिल्या आणि समोरच्या भिंतीवरच्या नळीसारख्या हाताकडे बघून म्हणाल्या, "थांब मेल्या, तुझा हिशेब करते."

नवरा आतून ओरडला, "मला म्हणालीस?"

"तुम्हाला नाही हो."

हत्यार तयार झालं, पण सर कुठे सापडणार? सहा महिने तसेच गेले. मग एके दिवशी वॉचमन दोन पायऱ्या उतरून खाली आला. वर्गाच्या मोठ्या खिडकीला जाड काळे पडदे शिवायचे होते आणि असलं कापड आजूबाजूला दुसऱ्या कुणाचं मशीन ओढत नव्हतं.

"त्यांना सांग, शिंपीणबाई मेली."

"मी सांगतो," वॉचमन म्हणाला. "पण दुपारी दोन ते तीन वर्ग रिकामा असतो. सर तेवढे असतात, चौथऱ्यावर झोपलेले. त्यांना उठवत नाही कुणी."

टेपबाईंचं मशीन थांबलं. "कसे झोपतात?"

"कसे म्हणजे? उताणे. दाराकडे पाय करून."

देणाऱ्याने छप्पर फाडून दिलं होतं. दुसऱ्या दिवशी दोनच्या ठोक्याला टेपबाई कापड, टेप, सुया आणि तपकिरी कागद घेऊन वर पोचल्या. सर झोपले होते. बूट खाली काढून ठेवलेले, पायात करडे मोजे, उजव्या मोज्याच्या भोकातून अंगठा बाहेर डोकावत होता. टेपबाईंनी त्यांच्या पायांशी ठेंगणं स्टूल मांडलं, कापड मांडीवर घेतलं, एक डोळा मिटला, आणि त्यांना हसू आवरेना. समोर दोन प्रचंड तळवे. त्यांच्या मागे गुडघे, मग पोटाची टेकडी, टेकडीवर जीव मुठीत धरून बसलेलं एक बटण. आणि पार पलीकडे, क्षितिजावर, हनुवटी, दोन नाकपुड्या आणि कपाळाची एवढीशी कड. मागे वळवलेल्या त्या प्रसिद्ध केसांचा मागमूस नव्हता.

चार दिवसांचं पडद्याचं काम टेपबाईंनी बारा दिवस पुरवलं. एकदा माप "चुकलं", एकदा दुमड "उसवली", एकदा कड्या "उलट्या लागल्या". स्टुलाच्या पायांभोवती शिवणाच्या खडूने खुणा केल्या, म्हणजे रोज डोळा त्याच जागी यावा. सहाव्या दिवशी मागे कुणीतरी खाकरलं. वॉचमन होता. त्याने मांडीवरचं कापड बघितलं, कापडाखालचा कागद बघितला.

"सांगणार आहेस त्यांना?" टेपबाईंनी विचारलं.

"तुम्ही माझा हात तीन हात लांब केलात, मी कुणाला सांगितलं का?" तो म्हणाला. "पण पोट थोडं कमी दाखवलंय. घाबरू नका, आहे तेवढं घाला." आणि त्या दिवसापासून तो दोन ते तीन जिन्यात राखणीला बसायला लागला.

घरी चित्र रंगवायला तीन महिने लागले. अधूनमधून टेपबाईंना मोह व्हायचा: तळवे आणखी थोडे मोठे करावेत, नाकपुड्यांत एखादा केस घालावा. दरवेळी त्यांनी हात आवरला. एक इंच जरी जास्त झाला तर सर म्हणणार, ही थट्टा आहे, आणि सुटणार. सुटायला फट ठेवायची नव्हती.

वर्गाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा नव्याजुन्या सगळ्या विद्यार्थ्यांनी एकेक चित्र आणावं असं ठरलं. टेपबाईंनी आपलं चित्र स्वतःच्या हाताने टांगलं आणि त्यावर पडद्याचं उरलेलं काळं कापड घातलं. वर्गाचे कार्यवाह, औषधाचं दुकान चालवणारे एक चिंतातुर गृहस्थ, दोनदा येऊन गेले. "बघू तरी, बाई."

"सर आल्यावर."

सर आले. मागे पाहुणे, ते जुने अकराजण, लेक, जावई आणि विहीणबाई. सर चित्रांसमोरून चालत, लांब ब्रशने दाखवत, प्रत्येकाची एकेक चूक मोठ्याने सांगत होते. तीच त्यांची रीत. काळ्या कापडासमोर आले तेव्हा हसून म्हणाले, "शिंपीणबाई! आज कुणाचं माप घेतलंत?"

टेपबाईंनी कापड ओढलं.

पहिल्यांदा कुणाला काही कळलं नाही. मग पाहुण्यांतल्या कुणाचं तरी नाक वाजलं. मग एक बाई पदर तोंडात कोंबून भिंतीकडे वळल्या, आणि मग खोलीच गदगदायला लागली. सरांचा चेहरा आधी पांढरा, मग लाल झाला.

"हा अपमान आहे!" कार्यवाह पुढे आले. "उतरवा! आधी उतरवा हे!"

ह्याचीच टेपबाईंना भीती होती. अपमान म्हणून चित्र उतरलं की सगळं मुसळ केरात. लोक म्हणणार, शिंपिणीने डूख धरून वेडंवाकडं काहीतरी काढलं. लेकही तेच म्हणणार, आणि गर्दी होईल म्हणून घरी घेऊन जाणार. त्या चित्राच्या आडव्या आल्या.

"सर, अपमानाचं मागाहून बघू. यात चूक कुठे आहे तेवढी दाखवा."

सरांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग चित्राकडे. राग होताच, पण पस्तीस वर्षांची खोड रागापेक्षा जुनी. त्यांचा एक डोळा आपसूक मिटला. ब्रश हातभर पुढे गेला. डोक्याची उंची पकडून ती तळव्यावर किती वेळा बसते ते त्यांनी मोजलं. गुडघे मोजले. पोट मोजलं. खाली छापखान्याचं यंत्र सुरू झालं, जमीन थरथरली, ते थांबले, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले. खोलीतलं हसणं हळूहळू विरलं.

"डावा घोटा," शेवटी सर म्हणाले. त्यांचा आवाज परत आला. "वर आलाय. निजलेल्या माणसाचा घोटा असा दिसत नाही."

"दिसतो."

"नाही दिसत! मॉडेल समोर असतं तर दाखवलं असतं तुम्हाला."

"आहे की समोर," टेपबाई म्हणाल्या. "आडवे व्हा."

सर कार्यवाहांकडे बघायला लागले, कार्यवाह छताकडे. आडवं व्हायला नाही म्हटलं तर घोटा बरोबर ठरतो, हे सरांना कळत होतं. त्यांच्या मागच्या अकराजणांनाही कळत होतं. वॉचमनने कुणी न सांगता चौथऱ्यावर सतरंजी पसरली आणि उशी दोनदा थोपटली.

"बूट काढा, सर. चित्रात बूट नाहीत."

सरांनी बूट काढले. आडवे झाले. टेपबाईंनी गळ्यातली टेप काढून चौथऱ्याच्या कडेपासून साडेचार फूट मोजले, तिथे ठेंगणं स्टूल मांडलं आणि बाजूला झाल्या. "एकेकाने बसा. एक डोळा मिटा. आधी सर बघा, मग चित्र, मग सांगा."

पहिले कार्यवाह बसले. सरांकडे बघितलं, चित्राकडे बघितलं, पुन्हा सरांकडे. "घोटा..." म्हणाले आणि अडले.

"बोला ना," टेपबाई म्हणाल्या. "औषध आहे का, कडू लागायला?"

"...बरोबर आहे."

मग ते अकराजण, एकामागून एक. विहीणबाई बसल्या, त्यांनी आधी दोन्ही डोळे मिटले, मग एक उघडला, आणि खांदे गदागदा हलवत न बोलताच उठल्या. मग लेक. ती बराच वेळ स्टुलावर बसून राहिली. टेपबाईंना तिच्या चेहऱ्यावरचं काही वाचता येईना. टेप हातात पिळली जात होती.

"आई," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला, हसण्याने का कशाने कोण जाणे. "अगं, बटणसुद्धा जागच्या जागी आहे." आणि ती खाली न बघता, आईच्या बाजूला येऊन उभी राहिली.

"कोण काय म्हणतंय?" सरांनी विचारलं. हनुवटी तेवढी हलली. "मला इथून काही दिसत नाही!"

"सगळे बरोबर म्हणतायत, सर. तुमचं काय ते सांगा."

"बरोबर असेल."

"असेल नको."

चौथऱ्यावरून एक मोठा सुस्कारा आला. पोटाची टेकडी वर गेली, खाली आली. "बरोबर आहे," सर म्हणाले. "घोटा बरोबर आहे, बाई. सगळंच बरोबर आहे. आता उठू ना?"

टेपबाईंनी मागे वळून पाहिलं. रांग दारातून बाहेर गेली होती. वॉचमनने खाली जाऊन सांगितलं असावं, कारण यंत्र बंद झालं होतं आणि छापखान्याची माणसं शाईचे हात पुसत जिना चढत होती, त्यांच्या मागे रस्त्यावरचे दोघंतिघं.

"पडून राहा, सर," त्या म्हणाल्या. "अजून पुष्कळ लोक बघायचे आहेत."